तीस रुपये तोलून दिले : यहूदा इस्कर्योतच्या व्यवहाराचा हिशेब

नाणेघाट (धागाकर्ता)

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातल्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये मत्तय २६:१४-२५ वाचतात (मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमानं). येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, यहूदा, मुख्य याजकांकडे जातो, 'येशूला धरून दिलं तर काय द्याल?' असं विचारतो आणि तीस नाण्यांवर सौदा ठरतो. जुन्या मराठी बायबलात तिथे 'तीस रुपये' आहे. त्यामुळे दरवर्षी 'म्हणजे आजचे किती?' हा प्रश्न निघतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाचशे रुपयांपासून पाच कोटींपर्यंत उत्तरं फिरतात. एकदाचा हिशेब मांडून ठेवू. प्रतिसादात अध्याय-ओवी द्यावी, फॉरवर्ड डकवू नयेत.

पहिली गोष्ट, तीस हा आकडा एकटा मत्तय देतो. मार्क (१४:११) फक्त 'पैसे द्यायचं कबूल केलं' म्हणतो, लूक (२२:५) 'ठराव केला' म्हणतो. योहानात तर या सौद्याचा उल्लेखच नाही.

दुसरी गोष्ट, नाणं कोणतं? मत्तय नुसतं 'चांदीचे' म्हणतो. बेझा नावाच्या जुन्या हस्तलिखितात तिथे 'स्तातेर' घातलंय, म्हणजे चार द्राख्मांचं मोठं नाणं. पैसा याजकांकडून आला असेल तर सोर शहराचा शेकेल हाच अंदाज सगळ्यात बरा बसतो, कारण मंदिराचा वार्षिक अर्ध्या शेकेलचा कर त्याच नाण्यात भरावा लागे. मंदिराच्या आवारात सराफ बसत ते याचसाठी. हे नाणं इ.स.पूर्व १२६-१२५ पासून इ.स. ६५-६६ पर्यंत पाडलं गेलं. वजन साधारण १४ ग्रॅम, चांदी ९० टक्क्यांहून बरीच वर. पुढच्या बाजूला मेलकार्त या सोरच्या दैवताचं मस्तक, मागे गरुड, भोवती 'पवित्र आणि अभेद्य सोरचं' अशी अक्षरं. मूर्तीला विटाळ मानणाऱ्या मंदिराला परदेशी देवाचं नाणं चालायचं, कारण चांदी भरवशाची होती.

गरुडाशेजारी ग्रीक अक्षरांत वर्ष असतं. इ.स. ३०च्या वल्हांडणाला, म्हणजे बहुधा येशूला धरलं त्या यहुदी सणाला, सोरच्या शकाचं १५५वं वर्ष चालू होतं. कुणी १५५चं नाणं 'यहूदाचं नाणं' म्हणून विकत असेल तर तो चलाख दुकानदार समजावा. चलनात जुनी-नवी नाणी एकत्रच फिरतात.

३० × १४ = ४२० ग्रॅम, म्हणजे ३६ तोळे. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर १ तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. तेव्हाच्या वाचकाला 'तीस रुपये' म्हटल्यावर डोळ्यासमोर येणारा ढीग मूळ ढिगापेक्षा फार लहान नव्हता. आज तोच शब्द वाचून वडापाव आठवतो, हा भाषांतरकाराचा दोष नाही.

या ४२० ग्रॅमना आजच्या चांदीच्या भावाने गुणायचा मोह टाळा. तेव्हा चांदी हेच चलन होतं, आज ती पैंजणांची आणि कारखान्यांची धातू आहे. त्यापेक्षा मजुरीने मोजा. मत्तय २०:२ मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुराचा दिवस १ दिनाराचा आहे. शेकेलचे ४ दिनार, म्हणजे एकूण १२० दिनार. शब्बाथ आणि सण वगळले तर साधारण पाच महिन्यांची रोजंदारी. तुमच्या गावात बिगाऱ्याची हजेरी जी असेल तिला १२० ने गुणा, उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

---

उंटावरचा शहाणा

हिशेब मान्य. पण मग हेतूचं काय? पाच महिन्यांच्या मजुरीसाठी कुणी गुरूला विकेल हे पटत नाही. आणि तेलाचा भाव विसरलात.

बेथानी गावात येशूवर जे सुगंधी तेल ओतलं गेलं ते योहान १२:३-५ प्रमाणे एक लित्रा, म्हणजे साधारण ३२७ ग्रॅम, आणि किंमत ३०० दिनार. मार्क १४:५ तर '३०० हून जास्त' म्हणतो. वनस्पती जटामांसी, ती हिमालयातली. इतक्या लांबून आलेला माल म्हणून हा भाव. म्हणजे एका बाटलीच्या मोलात यहूदासारखे अडीच सौदे झाले असते.

योहान सांगतो की थैली यहूदाकडे असायची आणि तो त्यातलं लांबवायचा (१२:६). बरं, लांबवणाऱ्याला थैली चालू राहण्यातच फायदा. गुरू गेला की थैलीही बंद. रोजचं दूध सोडून गाय खाटकाला कोण देतो?

---

चौथा कोन

@उंटावरचा शहाणा, म्हणूनच चारही शुभवर्तमानं एकत्र कालवून वाचू नयेत. क्रमाने वाचली तर पैशाचं काय होत जातं ते दिसतं.

मार्क: यहूदा आधीच धरून द्यायला जातो. याजक ऐकून खूष होतात आणि पैशाची गोष्ट तेच काढतात. हेतू दिलेला नाही.

मत्तय: 'काय द्याल?' हे यहूदाच्या तोंडी येतं. रक्कम जागच्या जागी मिळते.

लूक: आधी सैतान त्याच्यात शिरतो (२२:३), मग पैशाचा ठराव.

योहान: तो मुळातच चोर, सैतानही आहे (१३:२७), पण मोबदला कुठेच नाही.

तेलावर कुरकुर कुणी केली तेही असंच सरकत जातं. मार्कात 'काही जण', मत्तयात 'शिष्य', योहानात एकटा यहूदा. सर्वांत जुना लेखी उल्लेख प्रेषित पौलाच्या पत्रातला (१ करिंथ ११:२३), त्यात 'ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं' एवढंच आहे. ना नाव, ना नाणं.

माझं मत असं की तीस हा आकडा पावतीवरून आलेला नसून जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या ११:१२-१३ वरून आलाय. तिथे कळप राखणारा मजुरी मागतो, त्याला तीस चांदीचे तोलून देतात, देव उपरोधाने 'केवढं हे मोल ठरवलं माझं!' म्हणतो, आणि ती चांदी परमेश्वराच्या घरात कुंभारापुढे फेकली जाते. तोलणं, तीस, मंदिरात फेकणं, कुंभार, हे चारही धागे मत्तयाने घेतलेत. पहिल्या शतकात शेकेल मोजून देत, तोलून नव्हे. 'तोलून' हे जखऱ्याच्या काळचं आहे, तेव्हा शेकेल हे वजन होतं.

---

पक्षकार

तीसचा जुन्या करारातला आणखी एक संदर्भ, निर्गम २१:३२. बैलाने दुसऱ्याच्या दासाला किंवा दासीला शिंग मारून ठार केलं तर बैलाच्या मालकाने दासाच्या मालकाला ३० शेकेल द्यायचे. ती दासाच्या मृत्यूची भरपाई आहे, बाजारातली खरेदी-किंमत नव्हे. प्रवचनांत 'गुलामाचा भाव' असं सरसकट सांगतात ते जरा सैल आहे. योसेफाला भावांनी विकलं ते २० ला (उत्पत्ती ३७:२८). लेवीय २७ मध्ये नवसाची मोलं आहेत: प्रौढ पुरुष ५०, स्त्री ३०. शिवाय तो शेकेल साधारण सव्वाअकरा ग्रॅमचा, सोरचा १४ चा. आकडा तोच, चांदी वेगळी.

दगाबाजीचे दर बघायचे तर दलीला, बलवान शमशोनाची प्रेयसी. शमशोनाचं गुपित काढायला पलिष्ट्यांच्या सरदारांनी प्रत्येकी १,१०० देऊ केले (शास्ते १६:५). सरदार पाच होते (शास्ते ३:३). म्हणजे ५,५००. त्यापुढे तीस हे अपमानाचंच मोल, आणि जखऱ्याचा सूरही तोच आहे.

गुरूच्या नावावर पैसे उकळणारा शिष्य जुन्या करारातही आहे: अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी (२ राजे ५). गुरूने नाकारलेली भेट तो नामान या अरामी सेनापतीच्या मागे धावत जाऊन घेतो. मागतो एक किक्कार चांदी, मिळतात दोन. किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. यहूदाच्या दोनशे पट रक्कम, तरी म्हणीत गेहजी नाही, यहूदाच आहे.

---

सदाफुली

फार छान चर्चा. एक अडाणी प्रश्न. येशू रोज मंदिरात उघड शिकवत होता, मग त्याला ओळखायला पैसे देऊन माणूस कशाला हवा? याजकांनी विकत नेमकं काय घेतलं?

---

उंटावरचा शहाणा

अडाणी कसला, मुद्द्याचा प्रश्न आहे. घेतली ती जागा आणि वेळ.

अडचण मार्क १४:२ मध्ये आहे: सणात धरलं तर लोक दंगा करतील. वल्हांडणाला यरुशलेम बाहेरगावच्या लोकांनी तुडुंब भरायचं. दिवसा मंदिरात हात घालणं अशक्य, आणि रात्री तो शहराबाहेर जैतुनाच्या डोंगरावर जायचा (लूक २१:३७). योहान १८:२ स्पष्ट सांगतो की येशूला जिथे धरलं ती बाग यहूदाला ठाऊक होती, कारण गुरू-शिष्य तिथे वारंवार जमत. लूक २२:६ मध्ये अटच आहे: 'गर्दी नसताना'.

आता ओळख. निसान या यहुदी महिन्याची चौदावी-पंधरावी रात्र म्हणजे पौर्णिमा. तरी योहानात मशाली आणि कंदील आहेत, कारण चांदणं किद्रोनच्या ओहोळाकाठी जैतुनाच्या झाडांखाली फारसं उतरत नाही. बारा-तेरा दाढीवाले गालीली, सगळ्यांचे अंगरखे सारखे, आणि पकडायला आलेल्यांत पुष्कळ जण मंदिराचे शिपाई. चुकीचा माणूस धरला तर खरा डोंगर ओलांडून पसार. म्हणून चुंबनाची खूण. मार्क १४:४४ मध्ये यहूदा वर 'नीट बंदोबस्ताने न्या' असंही सांगतो.

खुणेतही फरक आहेत. मार्क-मत्तयात चुंबन होतं. लूकात तो जवळ येतो तोच येशू त्याला हटकतो. योहानात चुंबन नाहीच, येशू स्वतः पुढे होऊन 'कुणाला शोधता?' विचारतो.

---

चौथा कोन

मत्तयाची एक बारीक कलाकुसर सांगतो, ती वाचताना हमखास निसटते. शेवटच्या भोजनात 'तुमच्यातला एक मला धरून देईल' म्हटल्यावर अकरा जण विचारतात, 'प्रभू, मी का तो?' (२६:२२). यहूदा विचारतो, 'गुरुजी, मी का तो?' (२६:२५). बागेतही 'गुरुजी' म्हणूनच चुंबन (२६:४९). मत्तयाच्या अख्ख्या पुस्तकात येशूला 'राब्बी' म्हणणारा शिष्य हा एकच, बाकीचे 'प्रभू' म्हणतात.

आणि येशूचं उत्तर 'गड्या' (२६:५०). ही हाक मत्तयात तीनदाच आहे आणि दर वेळी ऐकणारा अडचणीत असतो. एक हा. दुसरा, लग्नाचा पोशाख न घालता आलेला पाहुणा (२२:१२). तिसरा, द्राक्षमळ्यात कुरकुरणारा मजूर, ज्याला मालक म्हणतो, 'गड्या, तू माझ्याशी एका दिनाराचा ठराव केला नव्हतास का?' (२०:१३). ठरलेली मजुरी घेतलेला माणूस, दोन्हीकडे.

---

गावठाण

त्या तीस नाण्यांतून घेतलेल्या शेताबद्दल कुणीच लिहिलं नाही. खरी गुंतागुंत तिथे आहे.

मत्तय २७:३-१०: यहूदाला पस्तावा होतो, तो तीसही नाणी परत आणतो, 'निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं' म्हणतो. अनुवाद (जुन्या करारातलं पुस्तक) २७:२५ मध्ये निर्दोष माणसाचा जीव घेण्यासाठी लाच घेणाऱ्याला शाप आहे, शब्द जवळपास तेच. याजक म्हणतात, 'आम्हाला काय त्याचं? तुझं तू बघ.' तो नाणी मंदिराच्या आत भिरकावतो आणि जाऊन फास लावून घेतो. मग याजक पैसे उचलून ठरवतात की हे रक्ताचं मोल, मंदिराच्या भांडारात चालायचं नाही. अनुवाद २३:१८ मध्ये विटाळलेली कमाई नवसाला आणायची मनाई आहे, त्याच धर्तीचा विचार. दिलेली रक्कम त्यांच्याच हातातून गेली होती हे त्या बैठकीत कुणी काढत नाही. मग परदेशी लोकांना पुरायला कुंभाराचं शेत घेतात.

प्रेषितांची कृत्ये १:१८-१९: शेत स्वतः यहूदा घेतो, त्या कमाईतून. मग तो पालथा पडतो, पोट फुटतं, आतडी बाहेर येतात.

म्हणजे तीन ठिकाणी फरक. घेणारा कोण, मेला कसा, आणि 'हकलदमा', रक्ताचं शेत, हे नाव कशावरून. मत्तयात येशूच्या रक्ताच्या पैशावरून, कृत्यांत यहूदाच्या स्वतःच्या रक्तावरून. जुनी जुळवाजुळव अशी: फास लावला, दोर किंवा फांदी तुटली, पडला, फुटला. लॅटिन भाषांतराने तर कृत्यांच्या ओवीतच 'लटकलेला' असं घालून टाकलं. खरेदीबद्दल म्हणतात की पैसा नाकारला गेल्यामुळे कायद्याने तो यहूदाचाच राहिला, म्हणून खरेदी त्याच्या नावावर. युक्तिवाद सुबक आहे, पण दोन्ही लेखकांपैकी एकानेही तो केलेला नाही. मला वाटतं शेत आणि त्याचं नाव यरुशलेममध्ये सर्वांना माहीत होतं, आणि त्याची कथा दोन वाटांनी आली.

किंमत पटते का? यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ गावचं शेत १७ शेकेलला घेतलं होतं (३२:९). शहराबाहेरची, कुंभाराने माती काढून झालेली जमीन पिकाला निकामी, तेव्हा तीसला मिळणं अशक्य नाही.

परंपरेने दाखवतात ती जागा हिन्नोमच्या खोऱ्याच्या दक्षिण उतारावर, किद्रोनच्या संगमाजवळ आहे. आज तिथे संत ओनुफ्रियसचा ग्रीक मठ आहे. क्रूसेडच्या काळात यात्रेकरूंना पुरण्यासाठी बांधलेल्या कमानीदार इमारतीचे अवशेषही आहेत. पण त्याच परिसरात १९८९ मध्ये खणलेल्या पहिल्या शतकातल्या कबरी कोरीव, श्रीमंत घराण्यांच्या निघाल्या. परक्या-गोरगरिबांची दफनभूमी तिथेच होती, असं त्यावरून म्हणता येत नाही.

---

तळटीप

@गावठाण, मृत्यूची तिसरी कथाही आहे. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक पापियस सांगतो की यहूदा इतका सुजला की गाडी जाईल त्या वाटेनेही त्याला जाता येईना. त्यात पैसे नाहीत, दोर नाही, फक्त किळस आहे.

आता मत्तय २७:९. 'यिर्मयाने सांगितलेलं पूर्ण झालं' म्हणून जे दिलंय ते जखऱ्याचं आहे. हा गोंधळ फार जुना, चर्चचा जुना आचार्य ऑगस्टिन यानेही नोंदवलाय की काही प्रतींत संदेष्ट्याचं नाव नाही. काही प्रतींत 'जखऱ्या' आहे, काहींत 'यशया'. नकलकारांनी दुरुस्तीचे प्रयत्न केले हे उघड आहे, आणि म्हणूनच 'यिर्मया' हेच मूळ असणार. अवघड पाठ कुणी मुद्दाम घालत नाही.

कारण बहुधा असं की हे जोड-अवतरण आहे. तीस नाणी आणि मंदिरात फेकणं जखऱ्याचं. पण शेत-खरेदी जखऱ्यात नाही, ती यिर्मया ३२ मध्ये आहे. आणि कुंभार, मडकं फोडणं, निर्दोषांचं रक्त, हिन्नोमच्या खोऱ्यातली दफनभूमी हे सगळं यिर्मया १८-१९ मध्ये. दोघांना जोडून मोठ्याचं नाव द्यायची पद्धत मार्क १:२-३ मध्येही दिसते. तिथे मलाखी आणि यशया आहेत, नाव फक्त यशयाचं.

---

सदाफुली

धन्यवाद सगळ्यांना. आमच्याकडे चर्चमध्ये दुःखसहनाची नाटिका बसवतायत. नाणी कशी दाखवावीत? पितळी बिल्ले आणलेत, ते खेळण्यातले वाटतात.

---

नाणेघाट

दहाचे डॉलर वापरा, म्हणजे आपलं १० रुपयांचं नाणं! व्यास २७ मिमी, सोरचा शेकेल साधारण २३ ते २८. ढिगाचा आकार बरोबर दिसेल. वजन मात्र ७.७१ ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मं. पिशवी हातात धरल्यावर खरी वाटायला हवी असेल तर ५५ नाणी भरा, ४२४ ग्रॅम होतात. पिवळी कड दिसू नये म्हणून चंदेरी कागदात गुंडाळू नका, फेकल्यावर कागद फाटतो. त्यापेक्षा दिवा मंद ठेवा. फेकताना फरशी उघडी हवी, सतरंजी असेल तर आवाज मरतो. आणि पिशवीसकट फेकू नका, मत्तयात नाणी फेकलीत.

'यहूदाची नाणी' म्हणून मध्ययुगीन युरोपातल्या चर्चांत जपलेले नमुने बहुतेक ऱ्होड्स बेटाचे निघाले, किरणांच्या सूर्यदेवाचे. त्यांची चित्रं पाहून नक्कल करू नका.

---

उंटावरचा शहाणा

'यहूदाचं शुभवर्तमान' कुणी काढायच्या आत सांगतो. कॉप्टिक प्रत, २००६ मध्ये प्रकाशित, मूळ लेखन दुसऱ्या शतकातलं. बिशप इरेनियसने इ.स. १८०च्या सुमारास त्या नावाच्या पुस्तकाला झोडपलंय. त्यात यहूदा इतरांपेक्षा जास्त समजणारा शिष्य आहे. तो नायक की राक्षस यावर अभ्यासकांत भांडण आहे. पण शेवटच्या ओळींत त्यानेही काही पैसे घेऊन धरून दिलंच.

---

सदाफुली

शेवटचा प्रश्न. त्याची जागा कशी भरली?

---

पक्षकार

प्रेषितांची कृत्ये १:२१-२६. अट अशी: बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या काळापासून येशू स्वर्गात वर घेतला जाईपर्यंत सोबत असलेला माणूस हवा. दोन नावं आली, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली. पेत्राने आधार दिला तो स्तोत्र ६९:२५ आणि १०९:८ चा.

पुढे हेरोद राजाने बारांपैकी याकोबाला तलवारीने मारलं (कृत्ये १२:२), तेव्हा मात्र चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. मेलेल्याची जागा त्याचीच राहिली. रिकामी धरली ती फक्त यहूदाची.